पॅप तपासणीचा अहवाल आणि पुढचे पाऊल

गर्भाशयमुखाच्या तपासणीच्या अहवालात 'दोष' आला की आपल्या घरांतल्या बायका एक तर घाबरून गप्प बसतात, नाही तर 'मला काही त्रास नाही' म्हणून कागद कपाटात ठेवून देतात. या तपासणीचा इतिहास वाचला तेव्हा हे दोन्ही चुकीचे आहे, असे आम्हाला वाटले.

ग्रीसमधून १९१३ साली अमेरिकेत गेलेले डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी स्त्रियांच्या स्रावात कर्करोगाच्या पेशी ओळखता येतात, हे १९२८ मध्ये मांडले. तेव्हा त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. डॉ. हर्बर्ट ट्राउट यांच्यासह लिहिलेले त्यांचे पुस्तक १९४३ मध्ये आले आणि मग 'पॅप' तपासणी रुजू लागली. त्यांच्या पत्नीने या संशोधनासाठी अनेक वर्षे स्वतःचे नमुने दिले होते.

पण पॅप केवळ इशारा देते. दोष नेमका कुठे आहे, हे पाहायला जर्मनीतील डॉ. हान्स हिन्सेलमान यांनी १९२५ मध्ये बनवलेला कॉल्पोस्कोप कामी आला. सौम्य ॲसिटिक आम्ल लावल्यावर बिघडलेला भाग पांढरा दिसतो आणि तिथलाच तुकडा बायप्सीला पाठवतात. सौम्य बदल पुष्कळदा आपोआप जातात. त्यांच्यावर नजर ठेवणे पुरते. तीव्र बदलांत पूर्वी सर्रास गर्भाशयच काढत. आता बहुधा तेवढाच भाग गोठवून किंवा विजेच्या तारेने काढून भागते. या रोगामागे एचपीव्ही विषाणू आहे, हे दाखवणारे डॉ. हाराल्ड त्सूर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले.

यातला मोठा धडा आपल्या जवळचाच आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातला जिल्हा होता. तिथल्या खेड्यांत १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्यात होते. २००९ मध्ये निष्कर्ष आले: एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. तुलनेच्या गटाला ही तपासणी मिळाली नव्हती, यावर पुढे आक्षेपही घेतले गेले. त्या स्त्रियांचे ऋण आपण विसरू नये.

मृत्यू घटले ते नुसत्या चाचणीने नव्हे. दोष निघालेल्या स्त्रियांना कॉल्पोस्कोपीला बोलावले गेले, गरज होती तिथे बायप्सी आणि उपचार झाले. म्हणून घरात असा अहवाल आला तर दोनच गोष्टी डॉक्टरांना विचाराव्यात: कॉल्पोस्कोपी हवी का, आणि पुन्हा कधी यायचे? ती तारीख कॅलेंडरवर लिहावी आणि त्या दिवशी घरातल्या कोणी तरी तिच्याबरोबर जावे.