निद्रिताची साक्ष : स्लीप अ‍ॅप्निया आणि नकाराचा इतिहास

बहुतेक आजारांची पहिली साक्ष रुग्ण स्वतःच देतो. कुठे दुखते, कधीपासून दुखते हे त्याला ठाऊक असते; किंबहुना त्या दुखण्यानेच त्याला डॉक्टरकडे नेलेले असते. स्लीप अ‍ॅप्नियाचे तसे नाही. झोप लागली की घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट मिटते. छाती आणि पोट हलत राहतात, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, कधी अर्धा मिनिट, कधी त्याहूनही अधिक काळ हे चालते. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठ्या आवाजासरशी श्वास मोकळा होतो आणि पुन्हा झोप लागते. तीव्र आजारात तासाला तीस किंवा त्याहून अधिक वेळा असे घडते. सकाळी यातले काहीही आठवत नाही. आठ तास झोपूनही अंग जड आहे आणि दुपारी डोळे मिटत आहेत, एवढेच रुग्णाला कळते. बाकीची साक्ष शेजारी झोपणाऱ्या माणसाची असते.

या आजारावरचा सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे सीपॅप. नाकावर, किंवा नाक आणि तोंड या दोहोंवर, मास्क बांधायचा आणि एका लहान यंत्रातून येणारी हवा रात्रभर घ्यायची. ही हवा खोलीतलीच असते. यंत्र प्राणवायू पुरवत नाही आणि माणसाच्या वतीने श्वासही घेत नाही. हवेच्या सौम्य दाबाने ते घसा आतून उघडा धरते, इतकेच. तरीही असंख्य रुग्ण या उपायाला प्रथम नकार देतात. या नकाराची बोळवण अज्ञान किंवा हट्ट म्हणून केली जाते. आम्हांस मात्र असे वाटते की या नकाराला इतिहास आहे आणि त्या इतिहासात साहित्याचाही वाटा आहे.

इ.स.पू. चौथ्या शतकात काळ्या समुद्राच्या काठी हेराक्लिया येथे डायोनिसियस नावाचा सत्ताधीश होऊन गेला. त्याची हकीकत अथेनियस या ग्रीक ग्रंथकाराने नोंदवून ठेवली आहे. तो अतिशय स्थूल होता आणि त्याला अशी गाढ झोप लागे की वैद्यांनी लांब, बारीक सुया तयार करवून त्याच्या अंगात टोचण्याचा उपाय सांगितला. चरबीच्या थरातून सुई जाईपर्यंत त्याला काही जाणवत नसे. ती पलीकडे पोहोचली की तो जागा होई. त्याला आजच्या भाषेतला कोणता आजार होता हे अडीच हजार वर्षांच्या अंतरावरून ठरवणे धाडसाचे ठरेल. परंतु या हकीकतीतला दुसरा तपशील अधिक बोलका आहे. लोकांना भेटताना हा राजा स्वतःपुढे एक पेटी ठेवत असे, म्हणजे केवळ चेहरा दिसे आणि बाकीचे शरीर झाकले जाई. देहाची आणि झोपेची लाज मास्कपेक्षा कितीतरी जुनी आहे.

आपल्याकडे कुंभकर्ण आहे. वाल्मीकींच्या युद्धकांडात त्याला जागे करण्यासाठी शंख, नगारे आणि हत्ती आणले जातात, आणि त्याच्या श्वासाच्या झोताने राक्षस मागे लोटले जातात. प्रसंग भव्य आहे आणि विनोदीही. पुढे तो घराघरांत उतरला तो मुख्यतः थट्टेच्या रूपाने. घोरणाऱ्याला आपण कुंभकर्ण म्हणतो, आणि घोरणे म्हणजे निवांत, ढाराढूर झोप असेही मानतो. वस्तुस्थिती पुष्कळदा नेमकी उलट असते: ज्याला आपण सुखाने झोपलेला समजतो तो रात्रभर श्वासासाठी झगडत असतो. पुरुषाच्या घोरण्यावर निदान हसता तरी येते. स्त्रीच्या घोरण्याविषयी घरात बोललेही जात नाही, आणि म्हणून तिच्या आजाराची साक्ष पुष्कळदा कुणी देतच नाही.

इंग्रजी साहित्यातला याचा प्रसिद्ध नमुना डिकन्सच्या ‘द पिकविक पेपर्स’ (१८३६-३७) या कादंबरीत सापडतो. वॉर्डल यांचा नोकर जो हा लठ्ठ मुलगा सतत खातो आणि सतत झोपतो. तोफा धडाडत असतानाही त्याची झोप मोडत नाही. डिकन्सचे निरीक्षण इतके बारीक आहे की पुढे वैद्यकाने आजाराच्या नावासाठी त्याच्याच कादंबरीचा आधार घेतला. पण वाचक म्हणून आपण एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी: सारी कादंबरी जोकडे बाहेरून पाहते. टपमन आणि रेचल यांचे प्रेम तो डोळ्यांनी पाहतो आणि म्हाताऱ्या बाईंना जाऊन सांगतो. तो झोपेतच असेल असे गृहीत धरल्यामुळेच ते दोघे निर्धास्त राहिलेले असतात. म्हणजे दुसऱ्यांविषयी साक्ष देण्याची मुभा लेखकाने त्याला दिली आहे. स्वतःच्या झोपेविषयी मात्र त्याला कुणी काही विचारत नाही. एकदाच तो त्याविषयी बोलतो. वकिलाच्या दारावर तो अखंड ठोकत राहतो, आणि कारण विचारल्यावर सांगतो की दार उघडेपर्यंत थांबू नकोस असे मालकाने बजावले आहे, नाहीतर झोप लागेल. आपण हसतो. पण स्वतःला जागे ठेवण्यासाठी माणसाने केलेली ती धडपड असते.

१९५६ मध्ये बॉस्टनच्या सिडनी बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पिकविकियन सिंड्रोम’ हे नाव वैद्यकात रूढ केले. त्यांचा रुग्ण एक स्थूल व्यावसायिक होता. पोकर खेळताना त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले, आणि नेमक्या त्याच वेळी त्याला झोप लागली. हाती आलेला डाव गेला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो रुग्णालयात दाखल झाला. वर्षानुवर्षांची पेंग त्याला डॉक्टरकडे नेऊ शकली नव्हती. हातचे काही गेले हे दिसले तेव्हा तो गेला. त्याच्या डॉक्टरांनी झोपेचे कारण रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये शोधले. रात्री झोपेत काय घडते याचे रहस्य उलगडले ते १९६५ मध्ये, फ्रान्समधील गास्तो आणि जर्मनीतील युंग व कुलो यांच्या गटांनी स्वतंत्रपणे झोपेतल्या श्वसनाचे आलेख घेतले तेव्हा. निद्रिताच्या वतीने प्रथमच यंत्राने साक्ष दिली.

आजार कळला, पण उपाय भयंकर होता. श्वासाची अडचण घशात आहे, तर घशाच्या खाली श्वासनलिकेला छिद्र पाडावे: ही ट्रॅकिऑस्टॉमी. रात्री छिद्र उघडे ठेवायचे, दिवसा बुजवायचे. उपाय हमखास लागू पडे, परंतु आयुष्यभर मानेतले छिद्र सांभाळायचे, त्यात पाणी जाऊ द्यायचे नाही, संसर्ग होऊ द्यायचा नाही. अनेकांना पेंगुळलेले आयुष्यच बरे वाटले असेल तर त्यांना दोष देणे कठीण आहे.

अशा काळात सिडनीमध्ये कॉलिन सलिव्हन काम करत होते. टोरांटोत असताना त्यांनी कुत्र्यांच्या झोपेतील श्वसनाचा अभ्यास केला होता. नाकातून दाबाची हवा दिली तर घसा मिटणार नाही, ही त्यांची कल्पना. जून १९८० मध्ये ट्रॅकिऑस्टॉमीसाठी पाठवलेला एक बांधकाम कामगार एका रात्रीच्या प्रयोगाला तयार झाला. हवेचा दाब वाढवला की श्वास सुरळीत होई. कमी केला की पुन्हा अडे. तो रुग्ण सुमारे सात तास झोपला आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या अर्थाने जागा राहिला. पाच रुग्णांवरचा हा अहवाल एप्रिल १९८१ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. वापरलेला दाब होता पाण्याच्या साडेचार ते दहा सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा. पेलाभर पाण्याच्या तळाशी असतो तितकाच.

आरंभीची यंत्रे जड आणि गोंगाट करणारी होती. मास्क दर रात्री सिलिकोनने चेहऱ्याला चिकटवावा लागे. तरीही त्या पहिल्या रुग्णांनी तो लावला. आजचा मास्क मऊ आहे, यंत्र उशाशी मावते, तरीही नकार येतो. याचे कारण माणसे अधिक नाजूक झाली असे नाही. पहिल्या रुग्णाच्या मनात मास्कची तुलना सुरीशी होती. आजचा रुग्ण मास्कची तुलना स्वतःच्या मोकळ्या चेहऱ्याशी करतो. सुरी विस्मरणात गेली आणि मास्क हाच सर्वांत कठोर उपाय होऊन बसला. नकाराचा अर्थ लावायचा तर तुलनेचे दुसरे टोक पाहावे लागते.

१९९३ मध्ये अमेरिकेत ३५ रुग्णांच्या यंत्रांत वापराची नोंद ठेवणारी सोय करण्यात आली. किमान ७० टक्के रात्री किमान चार तास यंत्र वापरणारे निघाले ४६ टक्के; आणि रुग्णांनी सांगितलेला वापर प्रत्यक्षाहून सरासरी सुमारे तासाभराने अधिक होता. साहित्याचे विद्यार्थी याला अविश्वसनीय निवेदक म्हणतील. पण झोपेत नकळत मास्क काढून टाकणारा माणूस खोटे बोलतो असे कसे म्हणावे? इथेही तो स्वतःच्या रात्रीचा साक्षीदार नसतोच. १९९७ च्या दुसऱ्या एका अभ्यासात नियमित वापरणारे आणि टाळणारे यांच्यातला फरक चौथ्या दिवसापासूनच दिसू लागला. म्हणजे सुरुवातीचे थोडे दिवस निर्णायक ठरतात. नेमके त्याच दिवसांत घरी थट्टा झाली, मास्क नीट बसला नाही, नाक कोरडे पडले, तर यंत्र कपाटात जाते.

हा प्रश्न परक्यांचा नाही. मुंबईतील ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात दिवसाच्या पेंगेसह हा आजार ७.५ टक्के पुरुषांत असल्याचा अंदाज होता. शंभर पुरुषांच्या सभागृहात सात-आठ जण, असा त्याचा अर्थ. व्याख्यानात डुलकी घेणाऱ्याला आपण अरसिक ठरवतो. त्याला गाडी चालवत घरी जायचे आहे हे विसरतो.

मग या माणसाला यंत्रापर्यंत न्यावे कसे? हृदयविकाराची भीती दाखवणे हा रूढ मार्ग. परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह सात देशांतील २,७१७ हृदय व मेंदूविकाराच्या रुग्णांवरील चाचणीत सीपॅपमुळे हृदयविकाराचे झटके वा पक्षाघात कमी झाल्याचे आढळले नाही. यंत्राचा सरासरी वापर रात्री ३.३ तासच होता, ही त्यातली मर्यादा. मात्र दिवसाची पेंग, मनःस्थिती आणि जगण्याची प्रत यांत सुधारणा स्पष्ट दिसली. तेव्हा आश्वासन द्यायचे ते जागेपणाचे द्यावे. ते प्रामाणिक आहे आणि रुग्णाला स्वतः पडताळता येते.

नकाराची काही कारणे रास्त आहेत, हेही मान्य करावे. यंत्राचा खर्च आहे. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीला आतला फोम झिजत असल्याने लाखो यंत्रे परत मागवावी लागली होती. बंद जागेची भीती असलेल्याला मास्क खरोखरच गुदमरवतो. या प्रत्येकावर उत्तर शोधता येते: मास्कचा निराळा आकार, हवेला ओलावा देणारी सोय, दाब हळूहळू वाढवणे. ज्याला भीती वाटते त्याने मास्क प्रथम दिवसा, जागेपणी, पुस्तक वाचताना अर्धा तास लावून पाहावा, हा साधा सल्ला उपयोगी पडतो. भीतीशी ओळख झोपेत होत नाही. ती जागेपणीच करून घ्यावी लागते. वजन घटवणे, जबड्यासाठी दंतवैद्याने बनवलेले साधन, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत स्थूल रुग्णांसाठी मान्य झालेले टर्झेपटाइड हे इतर मार्गही डॉक्टरांशी बोलून पाहता येतात.

या साऱ्या इतिहासात निद्रिताला टोचले गेले, हसले गेले, कापले गेले, मोजले गेले. विचारले गेले ते क्वचितच. नकार देणाऱ्याला पहिला प्रश्न ‘मास्क का लावत नाही?’ असा करू नये. ‘दिवस कसा जातो?’ असे विचारावे. रात्रीची साक्ष तो देऊ शकत नाही, पण दिवसाची देऊ शकतो: कुठल्या पानावर डोळे मिटतात, कुठल्या सिग्नलला मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येतो, मुले काही सांगत असताना आपण कितीदा हरवतो. ती साक्ष त्याच्याच तोंडून निघाली की मास्कची तुलना मोकळ्या चेहऱ्याशी उरत नाही; ती हातून गेलेल्या दिवसांशी होऊ लागते.