ग्लायकोल आणि पाण्याचा हिशेब

टेरिलीनचा सदरा आणि कडाक्याच्या थंडीत मोटारीच्या रेडिएटरमधील पाणी गोठू न देणारे द्रव्य, या दोहोंच्या मुळाशी ग्लायकोल नावाचा एक गोडसर पण विषारी द्रव आहे. फ्रेंच रसायनज्ञ व्युर्त्झ यांनी तो १८५६ साली प्रथम सिद्ध केला. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तो प्रयोगशाळेतच राहिला. पहिल्या महायुद्धात ग्लिसरीनचा तुटवडा पडला, तेव्हा जर्मनीने स्फोटकांसाठी त्याचा आश्रय घेतला. आणि १९२५ मध्ये अमेरिकेत युनियन कार्बाइडने त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले.

कृती दिसायला सोपी आहे. एथिलीन ऑक्साइड आणि पाणी यांचा संयोग झाला की ग्लायकोल तयार होते. अडचण पुढेच उभी राहते. नुकतेच जन्मलेले ग्लायकोल स्वस्थ बसत नाही. तेही उरलेल्या ऑक्साइडशी संयोग पावते आणि डायएथिलीन ग्लायकोलसारखी जड द्रव्ये बनतात. यावर उपाय एकच : ऑक्साइडच्या एका रेणूमागे पाण्याचे सुमारे २० रेणू ठेवायचे. मग सुमारे नऊ दशांश ऑक्साइडचे हवे ते ग्लायकोल होते. परंतु ते जादा पाणी पुढे वाफ करून काढावे लागते आणि इंधनाचा खर्च वाढतो.

पाणी किती, नळी किती लांब, उष्णता किती, हे केवळ अनुभवाने ठरविणे महागात पडते. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यास अभियंते क्रियापात्राचे गणिती प्रतिरूप मांडू लागले. १९५७ साली अ‍ॅमस्टरडॅम येथे भरलेल्या परिषदेत या शास्त्राला स्वतंत्र नावही मिळाले. समीकरणांनी दाखविले की, ढवळत्या टाकीत ताजे ऑक्साइड आधीच तयार असलेल्या ग्लायकोलला भेटते. लांब नळीत मात्र प्रारंभी त्याला पाणीच भेटते. म्हणून नळी श्रेयस्कर.

परंतु त्याच समीकरणांनी एक मर्यादाही उघड केली. दोन्ही क्रिया तापमानाबरोबर जवळजवळ सारख्याच वाढतात. तेव्हा उष्णतेच्या फेरफाराने पाण्याची गरज टळणार नव्हती. सुटकेसाठी रसायनाची वाटच बदलणे भाग होते. ऑक्साइडला प्रथम कार्बन डायऑक्साइडशी जोडून एथिलीन कार्बोनेट करायचे आणि मग त्यावर पाण्याची क्रिया घडवायची, या शेल कंपनीच्या पद्धतीचा पहिला कारखाना २००८ साली दक्षिण कोरियात सुरू झाला. तेथे जादा पाणी फारच थोडे लागते.

गणिताने कारखान्याला काय साधेल ते सांगितले, तसेच काय साधणार नाही तेही सांगितले. नव्या मार्गाचा शोध का घ्यावा, हे या दुसऱ्या उत्तरातूनच कळले.