अंगावरून गेलेले वारे

आमच्या खानदेशात उन्हाळ्याच्या रात्री घरात निजण्याची सोय नसते. जळगावचा पारा पंचेचाळीसच्या वर चढला की मातीच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत धगधगत राहतात. माझ्या लहानपणी सारी आळी धाब्यावर निजायला जाई. धाबे म्हणजे घराचे मातीचे सपाट छप्पर. एकाला लागून दुसरे, दुसऱ्याला लागून तिसरे. त्यामुळे कोण कोणत्या कुशीवर निजतो, कोणाचे मूल रात्री कितीदा रडते आणि मुख्य म्हणजे कोण कसे घोरतो, हे साऱ्या आळीला ठाऊक असे.

या घोरणाऱ्यांत माझ्या नानामामांचा मान पहिला. गडी अंगाने भरलेला, मान आखूड, पोट सुटलेले. ते घोरू लागले की आम्ही पोरे चादरीत तोंड खुपसून हसायचो. त्यांच्या घोरण्याला एक लय होती. आवाज चढत चढत जाई आणि मग एकदम बंद. सगळीकडे चिडीचूप. आम्ही बोटांवर आकडे मोजायचो : दहा, पंधरा, वीस. मग एक मोठा हुंदका आल्यासारखा आवाज होई, मामा कूस बदलत आणि यंत्र पुन्हा सुरू होई. मोजण्यात जो चुकेल त्याने दुसऱ्या दिवशी खालून पाण्याची घागर वर आणायची, असा आमचा नियम होता. त्या खेळात आपण नेमके काय मोजत आहोत, हे आम्हा पोरांना ठाऊक नव्हते. मोठ्यांना तरी कुठे होते?

वाचकांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि कादंबऱ्या लिहिण्याचा नाद लागलेला मी एक शाळामास्तर. पण मामांच्या त्या घोरण्याने मला पुढे बऱ्याच पुस्तकांची धूळ झाडायला लावली, आणि त्यात जे सापडले ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हरकत नसावी.

आपल्या भाषेपासूनच सुरुवात करू. पक्षाघाताला आमच्याकडे लकवा म्हणतात. पण जुनी माणसे ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. एका क्षणात धडधाकट माणूस लुळा होतो, तेव्हा कोणीतरी अदृश्य असे अंगावरून गेले असावे, ही कल्पना स्वाभाविकच आहे. ग्रीक लोकांनी या आजाराला जे नाव दिले त्याचाही अर्थ तडाखा बसून कोसळणे असाच आहे, आणि इंग्रजीतला ‘स्ट्रोक’ तरी दुसरे काय सांगतो? मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस असा कोसळतो, हे स्वित्झर्लंडमधल्या योहान वेप्फर नावाच्या वैद्याने 1658 मध्ये प्रेते तपासून दाखवून दिले. तोवर जगभर वाऱ्याचे आणि तडाख्याचेच राज्य होते.

मात्र आपल्या वाऱ्यामागे नुसती भीती नव्हती, शास्त्रही होते. चरकाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधार मानले. सुख-दुःख, बळ-दुर्बळता, इतकेच नव्हे तर जगणे-मरणेही निद्रेच्या अधीन आहे, असे त्याचे सांगणे आहे. वातव्याधींच्या अध्यायात त्याने पक्षवधाचे वर्णन केले आहे, आणि त्याच अध्यायात वात खवळण्याची जी कारणे दिली आहेत त्यांत अति जागरण आहे.

सुश्रुताने तर मला थक्क केले. स्थूल माणसाची लक्षणे सांगताना तो धाप, तहान, भूक, फार झोप, घाम यांच्या रांगेत ‘क्रथन’ असा एक शब्द घालतो. टीकाकारांनी त्याचा अर्थ श्वास एकाएकी अडणे असा दिला आहे. असा माणूस पुढे कशाने दगावतो त्याची यादीही सुश्रुत देतो, आणि त्या यादीत वातविकार आहेत. लठ्ठपणा, फार झोप, श्वासाचे अडणे आणि वातविकार ही चारही नावे एकाच ठिकाणी! मी तो भाग तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा मला आमचे धाबे दिसले. सुश्रुताला आजचे सारे ठाऊक होते, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण त्याने रोग्याच्या उशाशी बसून रात्र काढली असावी, एवढे खास.

पश्चिमेकडे असा उशाशी बसणारा माणूस बराच उशिरा भेटतो. लंडनचे डॉक्टर विल्यम ब्रॉडबेंट यांनी 1877 मध्ये मेंदूतील रक्तस्रावाच्या रोग्यांच्या श्वासाविषयी लिहिताना, गाढ झोपेत घोरणाऱ्या म्हाताऱ्यांचे वर्णन केले आहे. घोरणे मध्येच थांबते, छाती हलते पण हवा आत जात नाही, आणि मग मोठ्याने घुरघुरत श्वास सुटतो. हे वाचताना मला हसू आले नाही.

त्याच्याही चाळीस वर्षे आधी, 1836-37 मध्ये, डिकन्सने ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ पोऱ्या रंगवला होता. हा पोऱ्या दार ठोठावता ठोठावता झोपी जातो आणि उभ्या उभ्या घोरतो. वाचकांनी तो विनोद म्हणून घेतला. पुढे 1956 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा आजाराला पिकविकचेच नाव दिले. त्यांचा रोगी मोठा व्यापारी. पत्ते खेळायला बसला, हातात तीन एक्के आणि दोन राजे आले, आणि डाव न टाकताच स्वारी झोपी गेली! त्यानंतर मात्र तो इस्पितळात दाखल झाला. दिवाळीत आपल्याकडेही पत्त्यांचे डाव रंगतात. हातात असली पाने असताना कोणी पेंगू लागला तर त्याला हसण्याआधी या व्यापाऱ्याला आठवावे.

खरा उलगडा 1965 मध्ये झाला. फ्रान्स आणि जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी अशा माणसांच्या झोपेचा रात्रभर आलेख घेतला. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते. श्वास दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक वेळ थांबतो. रक्तातला प्राणवायू उतरतो. मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागे करतो, वाट उघडते, आणि त्याच क्षणी रक्तदाब उसळी मारतो. रात्री खरे तर रक्तदाबाने उतरावे, हृदयाने विसावा घ्यावा. या माणसाच्या नशिबी तो विसावा नाही. तासाला तीसहून अधिक वेळा श्वास अडला तर आजार तीव्र समजतात. म्हणजे रात्रीत दोनशे वेळा गळा दाबून सोडल्यासारखे झाले. असे वर्षानुवर्षे चालले की रक्तवाहिन्या कठीण होतात, हृदयाचे ठोके चुकू लागतात, गुठळ्या धरतात. त्यातली एखादी गुठळी मेंदूकडे गेली की वारे अंगावरून गेलेच.

घोरणे आणि पक्षाघात यांची गाठ फिनलंडच्या डॉक्टरांनी 1985 मध्ये मांडली. 2005 मध्ये अमेरिकेत हजारावर लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. श्वास अडणाऱ्यांत पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका, वय, वजन, रक्तदाब वगैरे जमेस धरूनही, इतरांच्या जवळजवळ दुप्पट निघाला. जागरणाचेही तसेच. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, पाच तासांहून कमी झोपणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण सात तास झोपणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट दिसले. फार झोपणेही चांगले लक्षण ठरले नाही.

आपल्या महाराष्ट्रातली पाहणी मुंबईची. डॉक्टर झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये ती प्रसिद्ध केली. पस्तीस ते पासष्ट वयाच्या पुरुषांपैकी शंभरात सुमारे वीस जणांचा श्वास झोपेत बिघडत होता, आणि दिवसा पेंगण्यापर्यंत मजल गेलेले साडेसात होते. ही मुंबईची शहरी माणसे. आमच्याकडे शेताला वीज रात्रीची मिळते म्हणून केळीला पाणी भरायला कंदील घेऊन निघणारे शेतकरी आहेत, भुसावळला रात्रपाळीचे रेल्वे कामगार आहेत, हंगामात रात्रंदिवस चालणाऱ्या जिनिंग आहेत. यांची झोप कोणी मोजावी?

उपायाची गोष्टही मौजेची आहे. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये घर झाडायच्या यंत्राची मोटर घेऊन हवा उलटी फिरवली आणि नाकावरच्या मुखवट्यातून ती रोग्याच्या घशात सोडली. मिटलेली वाट उघडी राहिली, घोरणे थांबले, रोगी शांत झोपला. पण या यंत्राने पक्षाघात टळतो, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. 2016 मध्ये सत्तावीसशेवर रोग्यांवरील प्रयोगाचा निकाल आला, त्यात तसा फरक दिसला नाही. त्यातले रोगी मुखवटा रात्री सरासरी तीन-साडेतीन तासच लावत होते, हेही खरे. शिवाय आधी श्वास अडला म्हणून पक्षाघात आला, की पक्षाघात आल्यामुळे श्वास अडू लागला, हा गुंताही प्रत्येक रोग्यात सुटत नाही.

आता नानामामांकडे वळतो. मामा एका जिनिंगमध्ये रात्रपाळीला होते. धनत्रयोदशीच्या पहाटे घरी आले, हातपाय धुऊन बाजेवर आडवे झाले. आठ वाजले, नऊ वाजले, मामा उठेनात. मी त्यांना हलवायला गेलो तर मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, “जपू द्या त्यासले, रातभर जागेल शेतस.” आम्ही झोपू दिले. घोरणे तर चालूच होते. मग काळजी कसली? अकराच्या सुमारास चहा घेऊन गेलेल्या मामीने किंकाळी फोडली. तोंड वाकडे झाले होते, उजवा हात बाजेखाली लोंबत होता.

पक्षाघात झालेल्या दर पाच रोग्यांमागे एकाला तो झोपेतच गाठतो, हे मी पुढे वाचले. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे दिसू लागल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. झोपेत झाला तर घड्याळ केव्हा सुरू झाले, हेच कळत नाही. एमआरआयच्या चित्रावरून ती वेळ ताडून औषध देता येते, हे 2018 मध्ये सिद्ध झाले. नानामामांच्या वेळी हे औषधच कुठे नव्हते. तालुक्याच्या दवाखान्यात एक सलाईन लावले आणि धुळ्याला न्या म्हणाले. गाडी मिळेपर्यंत दिवे लागले.

महात्मा फुल्यांचा उजवा हात 1888 मध्ये पक्षाघाताने गेला, तेव्हा ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनी डाव्या हाताने लिहून पुरे केले. हे मी मामांना मुद्दाम वाचून दाखवले होते. मामांना लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. पण डाव्या हाताने पानाला चुना लावायला ते शिकले, आणि तो लागला की माझ्याकडे बघून हसत. पुढे ते सहा वर्षे जगले. मामी अखेरपर्यंत म्हणत राहिली, “मीच जपू दिधं.” तिला काय सांगावे, ते मला कधीच सुचले नाही.

मामांची आखूड मान आणि भरलेले अंग आजोळकडून माझ्याकडे आले आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर निजलो होतो. सकाळी चहा देताना सौभाग्यवती काही बोलली नाही. धाकट्याने मात्र सांगून टाकले, “बाबा, आई रात्री बसून आकडे मोजत होती. सव्वीसपर्यंत गेली.” जळगावच्या एका डॉक्टरांकडे झोपेच्या तपासणीची वेळ घेतली आहे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही दोघे जाणार आहोत.