चाकणचा किल्ला आणि राहिलेली सहल

येत्या डिसेंबरात आमची नात जर्मनीहून येणार आहे. वय वर्षे तेरा. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो. मागच्या महिन्यात ती म्हणाली, "आजी, या वेळी मॉलबिल काही नको. तुमच्याकडे मध्ययुगातले किल्ले आहेत ना, ते मला दाखव."

मी चौतीस वर्षे इतिहास शिकवला. अशी मागणी घरातूनच आल्यावर काय आनंद झाला म्हणून सांगू! त्याच रात्री जुनी डायरी काढली आणि 'सहल' असं शीर्षक घालून खाली रेघ मारली. पण पहिल्याच ओळीला अडले. पहिला किल्ला कोणता लिहायचा?

तसे आम्ही चिंचवडकर या बाबतीत भाग्यवान. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून स्वीकारले. त्यातले शिवनेरी आणि लोहगड हे दोन सकाळी निघून संध्याकाळी घरी येण्यासारखे. लोहगडाला जायचं तर चिंचवडहून लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, नाहीतर गाडी थेट पायथ्याच्या लोहगडवाडीपर्यंत जाते. वर जायला पायऱ्या आहेत आणि गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. शिवनेरीला सात दरवाजे, शिवाईदेवीचं देऊळ, गंगा-जमुना टाकी आणि शिवजन्माची जागा. कुणालाही दाखवावं असंच सगळं.

आमच्या ह्यांनी चष्मा लावून डायरी वाचली आणि म्हणाले, "पायऱ्या कोण चढणार? तू का मी?" त्यांचं वय एकोणऐंशी आणि माझे दोन्ही गुडघे बोलके! तेव्हा असं ठरलं की लोहगड आणि शिवनेरीला जावई आणि नात वर जातील, आम्ही खाली डबा सांभाळत बसू. पण एक तरी किल्ला मी स्वतः तिच्याबरोबर चालत दाखवणार, हा माझा हट्ट. म्हणजे भुईकोट आला. म्हणजे चाकण आलं.

चाकण लिहिताना माझा हात थोडा थबकला. त्याचं कारण पुढे सांगते. आधी इतिहास.

नातीला 'मध्ययुग' पाहायचं आहे, आणि हा शब्द जरा फसवा आहे. युरोपातली पुस्तकं साधारणपणे १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल पडलं किंवा १४९२ साली कोलंबस निघाला, तिथे मध्ययुग संपवतात. आपण मात्र शिवकालही मध्ययुगातच शिकवत आलो. युरोपच्या मापाने मोजलं तर शिवाजी महाराज अर्वाचीन काळातले ठरतील! चाकणची गंमत अशी की ते दोन्ही मापांत बसतं.

पंधराव्या शतकाच्या मध्यावर बहमनी सुलतानाचा मलिक-उत्-तुज्जार नावाचा सरदार कोकण जिंकायला निघाला, तेव्हा त्याने तळ केला तो चाकणला. कोकणात शिर्क्यांनी त्याला गोड बोलून विशाळगडाच्या बाजूच्या दाट रानात नेलं आणि तिथे फौजेसकट त्याचा निकाल लागला. जे वाचले ते कसेबसे चाकणला परतले. दरबारात दख्खनी आणि परदेशी असे दोन गट होते आणि त्यांचं हाडवैर. या वाचलेल्यांत परदेशी पुष्कळ. दख्खनी सरदारांनी सुलतानाचे कान भरले की हे लोक फितूर झाले आहेत. मग आपल्याच सुलतानाच्या फौजेने आपल्याच माणसांना चाकणात वेढलं. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो, की दोन महिन्यांनी अभय देऊन त्यांना बाहेर काढलं, मेजवानीला बसवलं आणि कापून काढलं. चाकणच्या मातीतली ही पहिली मोठी गोष्ट, आणि ती काही शौर्याची नाही. पण मुलांना तीही सांगायला हवी, असं आता वाटतं.

दुसरी गोष्ट आपल्याला माहीत असते, निदान तसं आपण समजतो. १६६० साल. औरंगजेबाचा मामा शायिस्ताखान पुण्यात येऊन बसलेला. त्याच वेळी शिवाजी महाराज दूर पन्हाळ्यावर, सिद्दी जौहरच्या वेढ्यात. अशा वेळी २१ जूनला खानाने चाकणला वेढा घातला. किल्ल्यात किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि त्याच्याबरोबर जेमतेम तीनशे-साडेतीनशे माणसं. चाकणला ना डोंगर ना कडा. सपाटीवरचा लहानसा चौकोनी कोट, कोपऱ्यांवर बुरूज आणि भोवती खंदक. एवढंच.

मी फळ्यावर तारखा शेजारी शेजारी लिहायचे. महाराज पन्हाळ्याहून निसटले ते जुलैच्या मध्याला. बाजीप्रभू खिंडीत पडले तेही तेव्हाच. म्हणजे पावनखिंड झाली त्या रात्री चाकण तीन आठवडे लढत होतं, आणि अजून महिनाभर लढणार होतं. मदत येण्याची शक्यता जवळजवळ नव्हती, हे आतल्यांनाही कळत असणार. वरून पावसाळा. खानाच्या लोकांनी तशा चिखलात मोर्चे बांधले आणि एका बुरुजाखाली भुयार खणून सुरुंग भरला. १४ ऑगस्टला तो उडाला आणि बुरूज त्यावरच्या माणसांसकट गेला. मोगल खिंडाराकडे धावले तर आत मातीचा उंच बांध तयार! त्या आडोशाने आतल्यांनी संध्याकाळपर्यंत लढाई दिली. मोगल रात्रभर तिथेच थांबले. दुसऱ्या दिवशी ते आत शिरले आणि फिरंगोजीने किल्ला दिला. सर जदुनाथ सरकारांनी मोगलांचं नुकसान २६८ ठार आणि ६०० जखमी असं दिलं आहे. एका भुईकोटासाठी! खानाने फिरंगोजीचं कौतुक करून त्याला मोगली चाकरी देऊ केली, ती त्याने नाकारली आणि तो महाराजांकडे गेला.

दिवस किती होतात ते मी मुलांकडूनच मोजून घ्यायचे. जूनचे दहा, जुलैचे एकतीस, ऑगस्टचे पंधरा. छप्पन्न! मुलांना हा हिशेब फार आवडायचा.

आता ती थबकण्याची गोष्ट.

साल १९८६. सातवीचा वर्ग. माझं हे सगळं सांगून झालं, छप्पन्नचा हिशेब झाला, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. मामाकडे राहून शिकत होती. एरवी तोंडातून शब्द नाही. ती म्हणाली, "बाई, चाकणला आमच्या घराच्या मागंच हाय ह्यो किल्ला. आवंदा सहल तिकडंच न्या ना." वर्ग हसला. आणि मी काय म्हणाले? "अगं, तिथं आता काय आहे बघण्यासारखं? नुसती पडझड!" ती खाली बसली. त्या वर्षी सहल कार्ल्याची लेणी बघून लोणावळ्याला गेली आणि सगळ्यांनी चिक्की आणली.

चाकण शाळेपासून विसेक किलोमीटर होतं. तोपर्यंत मीही ते पाहिलं नव्हतं. जे पाहिलं नाही, ते बघण्यासारखं नाही असं मी एका शिकणाऱ्या मुलीला सांगितलं. आणि तेही तिच्या घराबद्दल.

ही गोष्ट मी विसरूनही गेले होते. २०१२ साली आम्ही मुलीकडे जर्मनीला गेलो, तेव्हा जावयांनी हायडेलबर्गचा किल्ला दाखवला. लाल दगडाचा, डोंगराच्या उतारावर, खाली नेकार नदी. लोक नुसते लोटले होते. आत दोन लाख लिटरहून जास्त दारू मावेल असं एक अजस्र लाकडी पिंप आहे, ते बघायला झुंबड. मला मात्र बाहेरचा एक बुरूज दिसला. मधोमध चिरल्यासारखा. अर्धा उभा आणि अर्धा आख्खाच्या आख्खा घसरून खंदकात पडलेला. जावयांनी माहिती वाचून दाखवली. फ्रेंचांनी १६८९ साली किल्ला जाळला, पुन्हा १६९३ साली आले आणि सुरुंग लावले, त्यात हा बुरूज फुटला. १६८९ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर साहजिकच वढू-तुळापूर आलं. पण त्याच्यामागोमाग आला सुरुंगाने उडालेला दुसरा बुरूज, आमच्या चाकणचा. आणि त्याच्या मागून ती मुलगी.

तिथेही पडझडच होती की! इमारतींना छप्परं नाहीत, भिंतींच्या खिडक्यांतून आभाळ दिसतं. पडझड आहे म्हणूनच लोक बघायला येत होते. हा बुरूज असा का झाला, हे विचारत होते, आणि सांगायला कुणीतरी होतं. आमच्याकडे तो बुरूज आणि ते सांगणारं माणूस एकमेकांपासून वीस किलोमीटरवर होते, आणि ती बाई एस.टी.त बसायला तयार नव्हती.

परत आल्यावर मी चाकणला गेले. किल्ला गावातच आहे. घरं अगदी तटाला येऊन भिडलेली. तटाचे आणि बुरुजांचे भाग उभे आहेत, खंदकाची खूण कळते. जवळच चक्रेश्वराचं जुनं देऊळ. तेवढंच. पण एका जागी उभं राहिलं की सबंध किल्ला नजरेत येतो, आणि मग तीनशे माणसांनी छप्पन्न दिवस हे अंगाला जाणवतं. कारण दडायला, मागे सरायला तिथे जागाच नाही. हे मला चौतीस वर्षांत फळ्यासमोर एकदाही कळलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिथे उभी राहून समजली. या सपाटीवर किल्ला बांधलाच कशाला? तर रस्त्यासाठी. पुण्याहून जुन्नर-नाशिककडे जाणारी वाट आणि नगरकडून घाटमार्गे कोकणात उतरणारी वाट इथे जवळ येतात. म्हणूनच मलिक-उत्-तुज्जारने इथे तळ दिला, आणि पुण्यात बसलेल्या शायिस्ताखानाला हे ठाणं पाठीमागे सोडून चालणार नव्हतं. आज त्याच ठिकाणी नाशिक महामार्गाला तळेगाव-शिक्रापूर रस्ता छेदतो, आणि चौकात तासभर गाडी हलत नाही! कारखाने आले तेही या वाटांसाठीच. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना इथे सुरू झाला. आमचे जावई तिकडे जिथे जातात, तिथे लोकांना 'चाकण' हे नाव ठाऊक असतं. किल्ल्याचं म्हणून नव्हे, मोटारींचं म्हणून. असो. गावाला नाव मिळालं, याचं वाईट का वाटून घ्यावं? पण आपल्या नातीला तरी दोन्ही कारणं माहीत असावीत.

तर डायरीतला बेत आता असा आहे. पहिला दिवस चाकण. सकाळी लवकर निघायचं, चौक तुंबायच्या आत. येताना तळेगावच्या अलीकडे इंदुरीला इंद्रायणीकाठची सेनापती दाभाड्यांची गढी बघायची. ती पुढच्या, अठराव्या शतकातली, पण भुईकोटच, आणि आत कडजाईचं देऊळ आहे. दुसरा दिवस लोहगड. एक दिवस विश्रांती, आमच्यासाठी. मग शिवनेरी. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दोन काठ्या आणि पाणी.

ह्यांचं म्हणणं, चाकण शेवटी ठेव. पोरगी हायडेलबर्ग बघून आलेली, पहिल्याच दिवशी तिचा विरस व्हायचा. मी ऐकलं नाही. लोहगड-शिवनेरी बघितल्यावर चाकण नेलं तर तिला ते उरलंसुरलं वाटेल. आधी चाकणच. तिथे तिला उभं करीन आणि म्हणेन, मोज. जूनचे दहा, जुलैचे एकतीस, ऑगस्टचे पंधरा. मराठी आकडे ती अजून अडखळत म्हणते, पण छप्पन्नपर्यंत नक्की येतात.

ती मुलगी आता पन्नाशीची असेल. तिचं सासर कुठलं, मला ठाऊक नाही. चाकणच्या त्या आळीतून जाताना मी दारांकडे बघत जाते. कुणी "बाई" अशी हाक मारली, तर काय बोलायचं ते मात्र अजून ठरलेलं नाही. एवढं नक्की, की या वेळी सहल तिकडेच चालली आहे.