हुंडेकरी : एका विस्मृत व्यवसायाची ओळख

‘हुंडेकरी’ हे आडनाव आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या कानांवरून गेले असेल. परंतु त्यामागील व्यवसाय कोणता, हे सांगू शकणारी मंडळी आता विरळाच. येथे हुंडा म्हणजे विवाहातील देणे नव्हे. मालाचे भाडे, वाटेवरील जकाती व इतर खर्च मिळून ठरविलेली ठोक रक्कम म्हणजे हुंडा. आणि ती घेऊन माल मुक्कामी पोचविण्याची जबाबदारी पत्करणारा तो हुंडेकरी. हा व्यवसाय कोणा एका ज्ञातीचा नव्हता. तथापि व्यापारउदिमावर जगलेल्या प्रत्येक समाजाने त्याचे स्मरण ठेवावे, असे आम्हांस वाटते.

या जबाबदारीचे मोल कळण्यास देशावरून मुंबईस जाणारा मार्गच पाहावा. घाटमाथ्यापर्यंत गोणी बैलांच्या पाठीवरून येत. बोरघाटात गाड्यांचा रस्ता खुला झाला तो १८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना. घाट उतरून माल पनवेलच्या बंदरावर येई, तेथे होडीत चढे आणि खाडीने मुंबईस जाई. प्रत्येक चढउतारास माल भिजण्याचे, फुटण्याचे, वा वजनात घटण्याचे भय असे. माल धोक्यात येई तो चालताना जितका, त्याहून अधिक हात बदलताना.

पुढे आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई–ठाणे गाडी धावली. १८५६ मध्ये रूळ घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस पोचले. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा लोहमार्गही सुरू झाला. परंतु मधला घाट तसाच राहिला! खाली आगगाडी, वर आगगाडी आणि मध्ये डोंगराची वाट, अशी स्थिती सुमारे पाच वर्षे होती. हजारो मजुरांच्या कष्टांनी, आणि कित्येकांच्या प्राणांच्या मोलाने, २५ बोगदे खोदून १८६३ साली घाटातील लोहमार्ग पुरा झाला, तेव्हा हा सांधा बुजला.

सांधा बुजला, तशी सांध्यावर जगणाऱ्यांची मिळकतही आटली. माल आता पुण्याहून थेट मुंबईस जाऊ लागला आणि पनवेलच्या वाटेवरील जुनी वर्दळ ओसरली. अंतर्गत जकातीही उठल्या होत्याच. मात्र एक उणीव राहिली. रेल्वे आपल्या स्थानकापुरती, गाडीवान आपल्या खेपेपुरता आणि जहाजवाला आपल्या बंदरापुरता उत्तरदायी. माल कोठे बिघडला याचा शोध व्यापाऱ्यानेच घ्यावयाचा! आरंभापासून अखेरपर्यंत ‘मी आहे’ असे म्हणणारा हुंडेकरी मात्र नाहीसा झाला.

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी ५८ पेट्या एका जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला धाडल्या. पेटी न उघडता ती मालमोटारीवरून जहाजावर जावी, ही त्यांची युक्ती जगभर पसरली. पनवेलपासून फार दूर नसलेल्या न्हावाशेवा येथे १९८९ साली नवे बंदर सुरू झाले, तेही मुख्यत्वे अशा पेट्यांचेच. आणि १९९३ साली भारताच्या संसदेने कायदा केला : माल परदेशी पाठविताना रस्ता, रेल्वे, जहाज अशी दोन वा अधिक साधने लागली, तरी करार एक आणि जबाबदार इसमही एकच. नाव नवे, शासनाची नोंदणी नवी. परंतु मूळ कल्पना आमच्या हुंडेकऱ्याचीच नव्हे काय?

जुने ते सर्व चांगले, असे आमचे म्हणणे नाही. बैलांची पाठ आणि हमालांचे खांदे मोकळे झाले, हे इष्टच झाले. परंतु दिलेला शब्द वाटेत हात बदलला तरी बदलत नाही, हा त्या व्यवसायाचा धडा जपण्याजोगा आहे. ज्ञातिबांधवांपैकी ज्यांच्या माळ्यावर जुन्या रोजकीर्दी, खतावण्या वा भाडेचिठ्ठ्या असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता एकवार वाचून पाहाव्यात, मोडी वाचणाऱ्या वडीलधाऱ्यांकडून समजून घ्याव्यात, एवढीच आमची विनंती. वाळवी आपल्यासाठी थांबणार नाही.