जामखेडनं डॉक्टरांना काय शिकवलं?

एनएसएसच्या शिबिराला गेला असाल, तर शेवटचा अहवाल आठवतो? ‘खूप काही शिकायला मिळालं.’ पण नेमकं काय? तिथंच पेन अडतं.

म्हणून आज आपल्या नगर जिल्ह्यातल्या जामखेडची गोष्ट. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्यानं तिथं आरोग्य प्रकल्प सुरू केला. आधी त्यांनी शिकलेल्या नर्स गावांत पाठवल्या. जमेना! बाहेरून आलेली नर्स गावाला परकी, गाव तिला परकं. ‘लोकच अडाणी’ म्हणून आरोळे मोकळे झाले नाहीत. त्यांनी योजनाच बदलली. गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या. आठवड्याला त्या जामखेडला जमायच्या, काय जमलं, काय अडलं ते एकमेकींना सांगायच्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मला वाटतं, खरी अडचण इथंच आहे. अहवालाला मार्क असले की ‘आमचं चुकलं’ असं कोण लिहिणार? या बायकांना मार्क नव्हते. पण उद्या पुन्हा त्याच दारात उभं राहायचं होतं.

तेव्हा पुढच्या शिबिरात अहवाल लिहिण्याआधी गावातल्या एखाद्या मावशीला विचारा, आमचं काय चुकलं? आणि उत्तर लिहून घ्या.