स्पर्धेस पाठविलेल्या कृतीचें स्वामित्व

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणारास एक भेद नित्य ध्यानांत ठेवावा लागतो. कागद हातीं आला म्हणजे त्यावरील कृतीचा हक्कहि हातीं आला, असें होत नाहीं. स्पर्धा लावणाऱ्या संस्था हा भेद वारंवार विसरतात, आणि आलेली प्रत्येक कृति आमच्या मालकीची होईल, असें एक वाक्य नियमपत्रांत घालून मोकळ्या होतात. बक्षीस एकास द्यावयाचें व स्वामित्व मात्र सर्वांचें घ्यावयाचें, हा व्यवहार न्याय्य आहे काय, याचा विचार कांहीं निश्चित दाखल्यांवरून येथें करावयाचा आहे.

पहिला दाखला इटलींतील फ्लॉरेन्स शहराचा. तेथील बाप्तिस्मागृहाच्या कांस्य दरवाजासाठीं कालिमाला नामक कापडव्यापाऱ्यांच्या श्रेणीनें इ. स. १४०१ मध्यें स्पर्धा लाविली. सात शिल्पकारांनीं इसहाकाच्या बलिदानाचा एकच प्रसंग कांस्यपटावर घडवावयाचा होता. पैकीं गिबेर्ती व ब्रुनेलेस्की यांचे पट आज त्याच शहरीं बार्जेल्लो संग्रहालयांत आहेत. इतर पांचांचे उपलब्ध नाहींत. निर्णयाविषयीं साधनांत विरोध आहे. सर्व परीक्षकांनीं एकमतानें आपणांस जय दिला, असें गिबेर्ती आपल्या लेखनांत सांगतो. ब्रुनेलेस्कीचा चरित्रकार मानेत्ती, काम दोघांस मिळून देऊं केलें होतें व ब्रुनेलेस्कीनें तें नाकारलें, असें लिहितो. दोघेहि साक्षीदार पक्षपाती असल्यामुळें आम्ही कोणाचेंच म्हणणें निःशंक ग्राह्य मानीत नाहीं. परंतु पुढें दरवाजाचा विषय बदलून नव्या करारांतील प्रसंग ठरले व विजयी पटहि दरवाजांत बसला नाहीं, हें निर्विवाद आहे. परीक्षेसाठीं केलेली कृति व कामासाठीं घेतलेली कृति या भिन्न वस्तु होत, हें यावरून उघड दिसतें.

नक्कल करण्याच्या हक्काचा प्रश्न छापण्याच्या कलेबरोबर वाढीस लागला. विल्यम होगार्थ याच्या खोदचित्रांच्या चोरट्या प्रती लंडनांत विकल्या जात. त्यानें व इतर कारागिरांनीं पार्लमेंटाकडे दाद मागितल्यावर १७३५ च्या कायद्यानें खोदचित्रांस १४ वर्षांचें संरक्षण मिळालें. रंगचित्रें, रेखाचित्रें व छायाचित्रें यांस इंग्लंडांत १८६२ पर्यंत थांबावें लागलें. त्या वर्षींच्या कायद्यानें चित्रकाराच्या हयातीपर्यंत व तदनंतर ७ वर्षें हक्क दिला खरा. पण पहिल्या विक्रीच्या वेळीं लेखी करार नसेल तर तो चित्रकारापाशीं राहत नसे, आणि लेखावांचून घेणारासहि मिळत नसे. एका कागदाच्या अभावीं दोघांसहि हक्कास मुकावें लागे.

हिंदुस्थानांत १९११ चा इंग्रजी कायदा कांहीं फेरफारांसह १९१४ मध्यें लागू झाला; त्याची जागा १९५७ च्या कायद्यानें घेतली. याच्या १७ व्या कलमान्वये कांहीं अपवाद सोडून कर्ता हाच पहिला स्वामी होय. १९ वें कलम तर लेखाचें महत्त्व जाणणारास विशेष मननीय आहे. हक्क देणाराच्या किंवा त्याच्या मुखत्याराच्या सहीच्या लेखावांचून हक्कदान होत नाहीं. लेखांत कृति, हक्क, मुदत व प्रदेश यांचा निर्देश असावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षें व प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. ५७ व्या कलमानें हक्क दिल्यावरहि कर्तेपणाचा दावा कर्त्याकडेच राहतो. अशा स्थितींत, "भाग घेतला म्हणजे सर्व हक्क गेले," एवढें छापील वाक्य पुरेसें धरणें आम्हांस अयोग्य वाटतें.

याउलट चांगला दाखला रुपयाच्या चिन्हाचा. भारत सरकारनें २००९ मध्यें स्पर्धा जाहीर केली व ३,३३१ कृति आल्या. शेवटच्या पांचांस प्रत्येकीं २५,००० रुपये, आणि अंतिम निवड होणारास, त्यानें स्वामित्व सरकारास दिल्यावर, अडीच लक्ष रुपये, असा नियम होता. देवनागरी र व रोमन आर यांच्या मेळांतून मुंबईच्या आय. आय. टी. मधील उदयकुमार यांनीं केलेलें चिन्ह १५ जुलै २०१० रोजीं मंत्रिमंडळानें स्वीकारलें. रक्कम थोडी कीं पुष्कळ, हा वाद वेगळा. पण ज्याची कृति घेतली त्याचेंच स्वामित्व मोबदला देऊन घेतलें, हें तत्त्व ग्राह्य आहे.

सारांश, स्वामित्व केवळ विजेत्याचें, स्वतंत्र सहीच्या लेखानें, ठराविक कामापुरतें व मुदतीपुरतें मागावें. कर्त्याचें नांव कायम ठेवावें. न निवडलेली कृति परत करावी. संग्राहकांस आमची आणखी एक विनंति आहे. बक्षीसपात्र चित्र आपण जपतों, पण स्पर्धेचें नियमपत्र रद्दींत जातें. तें नियमपत्र व सहीचा लेख चित्रासमवेतच बांधून ठेवावा. कारण हे दोन कागद गेले म्हणजे, चित्र कोणाचें, या प्रश्नाचें उत्तर देणारा साक्षीदार उरत नाहीं.